बाइकचं इंजिन ट्राइकवर : कुपवाडच्या शेडमधलं एक प्रकरण

तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराकडं एकाच माणसानं बसायची जुनी ट्राइक आहे. वर हँग-ग्लायडरसारखा कापडी पंख, खाली नळ्यांची तीनचाकी चौकट, बसणाऱ्याच्या पाठीमागं इंजिन आणि मागून ढकलणारा प्रोपेलर, असं हे यान असतं. काही वर्षं ती न उडता शेडमध्ये पडून राहिली आणि पडून राहिलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाचं जे होतं तेच झालं : क्रँकच्या (पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगांना गंज चढला. नवा क्रँक परदेशातून मागवायचा तर तेवढ्या पैशात इथं बरी जुनी मोटारसायकल येते. म्हणून विचार निघाला की मोटारसायकलचंच इंजिन का चढवू नये?

बागायतदारांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचा पुतण्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला, त्याला प्रोजेक्ट हवाच होता. कुपवाड एमआयडीसीत ज्यांची शेड आहे ते तात्या आयुष्यभर लेथवर उभे राहिलेले. या पट्ट्यात असा माणूस शोधत हिंडावं लागत नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून इथल्या गावागावांत टर्नर आणि फिटर तयार होत आलेत. मला बोलावलं ते कंपनं मोजायला. माझं एरवीचं काम साखर कारखान्यांचे टर्बाइन, पंखे आणि गिअरबॉक्स तपासण्याचं. गाळप संपलं की मला वेळ असतो.

इंजिन निवडलं ते अपघातात सापडलेल्या बाइकचं : ६४८ सीसी, शेजारी शेजारी दोन सिलिंडर, हवा आणि तेलानं थंड होणारं. कंपनी कोणती हे बाइकवाल्या वाचकांच्या लक्षात आलंच असेल. त्या इंजिनाचा या प्रकरणात काही दोष नाही, ते ज्या कामासाठी बनवलं ते चोख करतं.

"सत्तेचाळीस घोडं हाईत की ह्येला," तात्या म्हणाले. "आन् अण्णांचं जुनं इंजन?"

"त्याच्या आसपासच," पुतण्या म्हणाला.

"मग झालं! बसवायचं नि सोडायचं."

कागदावर तात्यांचं बरोबर होतं. पण ४७ अश्वशक्ती हा आकडा मिनिटाला ७२५० फेऱ्यांवरचा आहे, आणि पहिली अडचण तिथंच सुरू होते. ट्राइकचा प्रोपेलर १.६ मीटर व्यासाचा. तो ७२५० फेऱ्यांनी फिरवला तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ६०० मीटरच्या वर जातो, म्हणजे उन्हाळ्यातल्या हवेतल्या ध्वनिवेगाच्या पावणेदोन पट. टोक ध्वनिवेगाच्या जवळ गेलं की प्रोपेलर हवा ढकलण्याऐवजी आवाज करण्यात शक्ती घालवतो, आणि त्याच्या कितीतरी आधी पात्यांवरचा ताण आवाक्याबाहेर जातो. हाच प्रोपेलर अडीच हजारांच्या आतबाहेर फिरला तर टोकाचा वेग २०० मीटरच्या आसपास राहतो, आणि हवा मुकाट्यानं मागं जाते. म्हणून इंजिन आणि प्रोपेलर यांच्यामध्ये फेऱ्या कमी करणारं काहीतरी लागतंच. हलक्या विमानांत जगभर चालणारं रोटॅक्स ९१२ घ्या : क्रँक ५८०० फेऱ्यांपर्यंत फिरतो, आणि पुढच्या गिअरबॉक्समध्ये, मॉडेलप्रमाणं, २.२७ किंवा २.४३ पट घट असते.

शिवाय सतत ७२५० वर कोण चालवणार? आम्ही ५२५० फेऱ्या धरल्या. तिथं या इंजिनाचा पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) सर्वांत जास्त, ५२ न्यूटन-मीटर. हिशेबानं ती ३९ अश्वशक्ती होते. त्यातून सांगलीची हवा वजा करायची. गाव समुद्रसपाटीपासून ५५० मीटरवर, आणि मे महिन्याच्या दुपारी पारा ३८ वर गेला की हवा इतकी विरळ होते की इंजिनाच्या दृष्टीनं ते १५०० मीटर उंचीवर उभं असतं. महाबळेश्वरसुद्धा त्याहून खाली आहे. पंधरा टक्के शक्ती तिथंच गेली. उरली ३३. एका माणसाच्या ट्राइकला तीही पुरते, म्हणून यावर कुणी थांबलं नाही.

गिअरबॉक्स ठेवायचा की कापायचा

मोटारसायकलचं इंजिन विमानाला लावणाऱ्यांची जुनी पसंती बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर इंजिनाला आहे, आणि त्यामागं साधं कारण आहे. त्याचा क्रँक गाडीच्या लांबीत बसतो, मागं मोटारगाडीसारखा कोरडा क्लच आणि त्याला बोल्टनं जोडलेला वेगळा गिअरबॉक्स. बोल्ट काढले की गिअरबॉक्स बाजूला, तिथंच घट देणारा नवा डबा बसवता येतो. दोन सिलिंडर दोन बाजूंना वाऱ्यात बाहेर आलेले, त्यामुळं थंडही बरे राहतात. (हे वर्णन २०१३ च्या आधीच्या बॉक्सरचं, नंतर त्याची रचना बदलली.)

आपल्याकडच्या बहुतेक बाइकचं तसं नाही. क्रँक, क्लच आणि गिअर एकाच कवचात, एकाच तेलात. जुनी लोखंडी सिलिंडरची बुलेट याला अपवाद होती, तिचा गिअरबॉक्स इंजिनाला वेगळा जोडलेला असे, आणि म्हणूनच तात्यांचा पहिला सूर "बुलेटच घिऊया" असा होता. पण ३५० सीसीच्या एकाच सिलिंडरकडून वीसच्या आतली अश्वशक्ती आणि वजन भरपूर, म्हणून तो विचार लगेच मागं पडला.

जुळ्या सिलिंडरच्या इंजिनात दोन वाटा होत्या. एक, गिअरचा भाग कापून टाकून थेट क्रँकवरून शक्ती घ्यायची. वजन वाचतं, पण क्रँकचं टोक एवढा बाजूचा ओढा सोसायला बनवलेलं नसतं, आणि एकाच कवचात तेलाचे मार्ग गुंतलेले असल्यामुळं कापाकापी महाग पडते. दुसरी वाट म्हणजे बाइकचाच गिअरबॉक्स वापरायचा. चौथा गिअर टाकून कायमचा अडकवला की क्रँक आणि क्लच यांच्यामधला प्राथमिक गिअर धरून एकूण घट दोनाच्या थोडी वर येते, आपल्याला हवी तेवढीच. साखळीच्या स्प्रॉकेटच्या जागी दातांची पुली, तिथून टायमिंग बेल्ट, आणि वरच्या वेगळ्या शाफ्टवर प्रोपेलर. दोन्ही पुल्या सारख्याच, बेल्टनं घट करायचीच नाही.

दुसरी वाट घेतली. माझ्या मते त्या शेडमध्ये, त्या पैशात तीच शहाणपणाची होती. तात्यांनी प्रोपेलरचा शाफ्ट ईएन-२४ पोलादाचा केला, प्रोपेलर यानाला पुढं ढकलतो तो रेटा झेलायला वेगळं बेअरिंग दिलं, आणि दोन बेअरिंगांत अंतर भरपूर ठेवलं. हे अंतर बाहेरून बघणाऱ्याला उगाच वाटतं. फिरणारा प्रोपेलर म्हणजे मोठा भोवरा. यान नाक वर-खाली करतं किंवा वळतं तेव्हा तो शाफ्टला आडवा वाकवतो, आणि बाइकच्या स्प्रॉकेट-शाफ्टवर थेट प्रोपेलर ठोकणारे हे विसरतात. तात्यांना हे सांगावं लागलं नाही. "डायल लावून बघ," एवढंच ते पुतण्याला म्हणाले. सुई जवळजवळ हलली नाही, म्हणजे शाफ्ट सरळ फिरत होता.

"पहिली इमानं बाइकच्या इंजनावरच उडली"

शेडमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांत एक मत ठाम होतं की विमानं सुरुवातीला मोटारसायकलच्या इंजिनांवरच उडाली, मग आताच काय अडलं? गोष्ट खरी आहे. अमेरिकेचा ग्लेन कर्टिस आधी मोटारसायकली बनवायचा. २५ जुलै १९०९ ला फ्रान्सच्या ब्लेरिओनं इंग्लिश खाडी ओलांडली ती अंझानीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनावर, आणि अंझानी मूळचा मोटारसायकल शर्यतींच्या दुनियेतला.

पण या प्रकरणाला जास्त लागू पडते ती १९२३ ची गोष्ट. त्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या लिम्प्न इथं छोट्या इंजिनांच्या विमानांची स्पर्धा झाली. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचं रेन हे विमान ३९८ सीसीच्या एबीसी इंजिनावर उडालं आणि एका गॅलनला ८७.५ मैल गेलं. एएनईसी कंपनीच्या विमानानंही तेवढंच अंतर काढलं आणि बक्षीस दोघांत वाटलं गेलं. त्याच स्पर्धेत डी हॅविलंडचं हमिंग बर्ड ७५० सीसीच्या डग्लस मोटारसायकल इंजिनावर उतरलं होतं. पुढं काय झालं हे मात्र शेडमध्ये कुणी सांगत नाही. हमिंग बर्डचं डग्लस इंजिन काढून दुसरं बसवावं लागलं. आणि दोनच वर्षांत, १९२५ मध्ये, डी हॅविलंडनं मॉथ हे विमान आणलं ते ६० अश्वशक्तीच्या सिरस इंजिनावर. सिरस जन्मापासून विमानाचं इंजिन होतं, आणि क्लबात जाऊन उडायला शिकणारी पिढी त्याच्यावर तयार झाली. मोटारसायकलचं इंजिन विमान उडवू शकतं हे लिम्प्नला सिद्ध झालंच होतं. डी हॅविलंडला हवं होतं ते रोज उडणारं विमान, आणि त्यासाठी त्यांनी वाट बदलली.

पहिली खडखड

चौकट ट्रॅक्टरला साखळीनं बांधली. साखळीत मार्केट यार्डात पोती तोलायचा हुकाचा इलेक्ट्रॉनिक काटा अडकवला, म्हणजे रेटा किलोत थेट वाचता येईल. प्रोपेलरच्या फिरण्याच्या प्रतलात कुणी उभं राहायचं नाही हा नियम मी घालून दिला, आणि तो पाळला गेला, कारण अण्णांनी त्या रेषेत चुन्यानं पट्टा ओढला आणि पोरांना दम भरला.

इंजिन पहिल्या दमात सुरू झालं. थ्रॉटल दिलं तसा रेटा चढला आणि ५००० च्या वर काट्यावर ११० किलोच्या आसपास स्थिरावला. ट्राइकला उचलायला तेवढा पुरे. टाळ्या पडल्या.

पण थ्रॉटल कमी केल्यावर जो आवाज आला तो मला आवडला नाही. साधारण ३५०० च्या खाली आलं की गिअरबॉक्समधून खडखड, आणि जसजसं खाली यावं तसतशी ती वाढत होती. बेल्टची मोकळी बाजू फडफडताना डोळ्यांना दिसत होती. तात्यांनी गिअरबॉक्सवर हात ठेवला आणि लगेच काढला. "आत हातोडी मारतंय कुणीतरी," ते म्हणाले. निदान अचूक होतं.

इंजिन एकसारखा पीळ देत नाही, सिलिंडर पेटला की धक्का देतं आणि मध्ये ओढून घेतं. बाइकवर हे धक्के वाटेत मुरतात : क्लचच्या स्प्रिंगा, साखळीचा झोल, मागच्या चाकाच्या हबमधले रबर, टायर. चढाला चौथ्या गिअरमध्ये फेऱ्या पडू दिल्या की गाडी कुंथते आणि धडधडते, तेव्हा हेच धक्के आपल्याला जाणवतात. आपण गिअर उतरवतो आणि विसरून जातो. प्रोपेलरला गिअर उतरवता येत नाही. त्यातून प्रोपेलर जड, एकदा फिरू लागला की आपला वेग सोडत नाही. एका टोकाला धक्के देणारा क्रँक, दुसऱ्या टोकाला हट्टी प्रोपेलर, आणि मध्ये गिअरच्या दातांत असणारी थोडीशी ढिलाई. मोठ्या थ्रॉटलला दात एकाच बाजूला दाबलेले राहतात. थ्रॉटल कमी केलं की सरासरी पीळ घटतो, धक्के उरतात, आणि दात पुढच्या दातावर आपटून परत मागच्यावर आपटतात.

बाइकमधून इंजिन काढताना हबमधले रबर चाकासोबत भंगारवाल्याकडं गेले होते. शेडमध्ये कुणाला त्यांची आठवणही नव्हती. दुसऱ्या दिवशी पुतण्या जाऊन तो हब घेऊन आला, आणि तात्यांनी प्रोपेलरच्या शाफ्टवरची पुली दोन भागांत केली : दातांचा बाहेरचा भाग, आतला भाग शाफ्टला चावी मारून बसवलेला, आणि दोघांच्या मध्ये ते रबर. या अख्ख्या प्रकरणातला हा सर्वांत देखणा जॉब. रोटॅक्सच्या गिअरबॉक्समध्येही याच कामासाठी उताराचे दात आणि स्प्रिंगच्या तबकड्या असतात. तिथं ते कारखान्यातून येतं, इथं लेथवर झालं.

खडखड गेली. जवळजवळ.

दोन फेऱ्यांतून एकदा

आता ३५०० ला शांत, २००० लाही बरं. पण २७०० ते ३१०० च्या पट्ट्यात सगळी चौकट थरथरायची आणि २९०० च्या जरा खाली सर्वांत जास्त. काही मिनिटं त्या पट्ट्यात चालवलं की पुलीखाली काळी भुकटी सापडायची, म्हणजे रबर झिजत होता.

कारण क्रँकमध्ये आहे. जुन्या ब्रिटिश जुळ्या इंजिनांत दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली जात आणि आळीपाळीनं पेटत, म्हणजे प्रत्येक फेरीला एक धक्का, समान अंतरानं. हल्लीच्या अनेक जुळ्या इंजिनांत, या इंजिनातही, क्रँकच्या दोन खुंट्या २७० अंशांनी फिरवलेल्या असतात. त्यानं हादरे कमी होतात आणि आवाज व्ही-ट्विनसारखा घुमतो, जो गिऱ्हाइकाला आवडतो. पण धक्के असमान पडतात : पहिल्यानंतर २७० अंशांनी दुसरा, मग ४५० अंशांची लांब वाट. दोन फेऱ्यांतून एकदा येणारी एक संथ लय त्यातून तयार होते.

तात्यांनी रबराची ताठरता काढली ती लेथवरच. शाफ्ट चकमध्ये पकडला, पुलीला लांब पट्टी बांधली, टोकाला वजनं टांगली आणि पुली किती वळली ते डायलवर वाचलं. त्यावरून, क्रँकचं आणि प्रोपेलरचं जडत्व धरून, क्रँकपासून प्रोपेलरपर्यंतच्या सगळ्या जोडणीची स्वतःची पिळाची लय सेकंदाला २४ आंदोलनांच्या आसपास आली. धक्क्यांची लय या लयीशी जुळली की थरथर वाढत जाते. आता हिशेब बघा. समान धक्क्यांच्या इंजिनाला फेरीला एक धक्का, म्हणजे ही लय १४४० फेऱ्यांना गाठली जाईल. आयडलच्या आसपास, सुरू करताना पटकन ओलांडून जायची. पण २७० अंशांच्या क्रँकची संथ लय दोन फेऱ्यांना एक. ती २४ ला कधी पोचते? दुप्पट फेऱ्यांवर, २८८० ला. नेमकी तीच जागा.

मी दोन्ही पुल्यांवर सेन्सर लावून खालची आणि वरची पुली एकमेकींपेक्षा किती मागंपुढं होतात ते नोंदवलं, आणि आलेखात तिथंच डोंगर उभा राहिला. साखर कारखान्यात असा डोंगर दिसला तर मी मशीन थांबवायला सांगतो.

उपाय सुचले. रबर मऊ केला तर लय खाली सरकेल, मग २८८० चा डोंगर २००० कडं जाईल आणि आयडल २४०० ला ठेवलं की आपण सुटलो. पण पूर्ण थ्रॉटलला त्या पुलीवर शंभर न्यूटन-मीटरच्या वर सरासरी पीळ येतो, धक्क्याला त्याहून कितीतरी जास्त. मऊ रबर तिथं पूर्ण दबतो, आणि दबलेला रबर म्हणजे पुन्हा लोखंडावर लोखंड. ताठ केला तर डोंगर वर सरकतो, थेट उडण्याच्या फेऱ्यांत. पुतण्या म्हणाला, टॅकोमीटरवर लाल पट्टा ओढू आणि तिथं थांबायचं नाही असं ठरवू. ही कल्पना पोरकट नाही; प्रमाणित विमानांतही काही इंजिन-प्रोपेलर जोड्यांना ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यात सतत न चालवण्याची सूचना असते आणि तसा पट्टा डायलवर रंगवतात.

मग अण्णांनी, जे एवढा वेळ ऐकत होते, एकच प्रश्न विचारला.

"उतरताना आमी किती फेऱ्यांवर असतो?"

आमच्यात प्रत्यक्ष उडवलेले तेवढे एकटे. त्यांनीच उत्तरही दिलं : थ्रॉटल कमी करून, थोडा जोर ठेवून ट्राइक धावपट्टीकडं येते तेव्हा इंजिन साधारण अडीच ते तीन हजारांत असतं. मिनिटभर, कधी जास्त. वारा असला तर मागंपुढं करत. म्हणजे जो पट्टा टाळायचा, नेमक्या त्याच पट्ट्यात पायलट जमिनीजवळ असतो, आणि बेल्ट किंवा रबर गेला तर उंची नसते. त्यानंतर लाल पट्ट्याचा विषय कुणी काढला नाही.

बाकीच्या गोष्टी

उष्णता. बाइक हायवेवर ८०-९० च्या वेगानं पळते तेव्हा दहा-बारा अश्वशक्ती पुरते. पूर्ण शक्ती ओव्हरटेक करताना काही सेकंद. ट्राइक त्याच्या दुपटी-तिपटीनं तासभर मागते, तेही कमी वेगात आणि पायलटच्या पाठीआड, जिथं वारा धड पोचत नाही. पेट्रोलमधल्या उष्णतेचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा शाफ्टवर येतो, बाकीची धुरांड्यातून आणि सिलिंडरवरच्या धातूच्या पंखांतून जायची असते. जमिनीवरच्या चाचणीत समोर मोठा पंखा लावूनही तेलाचा काटा थांबायचं नाव घेईना, आणि १३० अंश दिसल्यावर आम्हीच बंद केलं. मोठा ऑइल कूलर आणि पत्र्याचे पडदे लावून हे सुटेल असं मला वाटतं. हे काम पैशाचं आणि वजनाचं आहे, गूढ नाही. वजनाचं मात्र मनावर घ्यायला हवं, कारण गिअरबॉक्ससकट हा सगळा सांगाडा जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा बराच जड झाला होता आणि ते वजन सगळं मागं.

इलेक्ट्रॉनिक्स. बाइकचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, साइडस्टँड, क्लच, गिअर आणि गाडी आडवी पडली का, एवढ्याची चौकशी करतो आणि शंका आली की इंजिन बंद करतो. आडवं पडल्याचा सेन्सर वळणात दगा देईल ही सगळ्यांची भीती. ती तेवढी खरी नाही. नीट घेतलेल्या वळणात वजन बुडाखालीच राहतं, वळणावर कललेल्या बाइकसारखंच. पण इंजिन मुळात तिरकं बसवलं, किंवा ट्राइक बाजूला घसरत उतरवली, तर तो सेन्सर काय समजेल याची खात्री नाही. त्याहून मोठी बाब : एक ईसीयू, एक पंप, क्रँकचा एक सेन्सर, सिलिंडरला एक प्लग. विमानाच्या इंजिनांत दोन स्वतंत्र इग्निशन असतात, रोटॅक्स ९१२ मध्येही, ते हौसेखातर नव्हे.

पेट्रोल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिळतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं. मी ज्या कारखान्यांत जातो त्यांची डिस्टिलरी त्यावर चालते, तेव्हा तक्रार कशी करू? पण इथेनॉल पाणी ओढतं, आणि महिना महिना उभ्या राहणाऱ्या यानाच्या टाकीत ते पाणी खाली बसतं. टाकी रिकामी ठेवायची, नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्यायच्या.

कायदा. यानाच्या कागदपत्रांत इंजिन कोणतं ते लिहिलेलं असतं. ते बदलायचं तर डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडं जायचं. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, पण दार तेच आहे. शेडमध्ये कुणीतरी कॅप्टन अमोल यादवांचं नाव काढायचंच. मूळचा माणूस सातारा जिल्ह्यातला, कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ ला मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलं, आणि २०१७ ला त्याची नोंदणी झाली. लोक ती गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला तीत कागदांवर गेलेली वर्षंही दिसतात, आणि ती ज्याला द्यायची नाहीत त्यानं इंजिन बदलू नये.

काय ठरलं

ट्राइकला मूळचं टू-स्ट्रोकच राहणार. अण्णांनी क्रँक मागवला. महाग पडला, आणि घरात बोलणीही बसली असं ऐकतो. पण त्यांचा हिशेब सरळ होता : ज्या इंजिनाचं वागणं उतरताना माहीत आहे तेच पाठीमागं हवं.

जुळं इंजिन तात्यांच्या शेडमध्येच स्टँडवर आहे. पुतण्याचा प्रोजेक्ट त्यावर पुरा झाला, आणि परीक्षकांना रेट्याच्या आकड्यापेक्षा २८८० चा आलेख जास्त आवडला हे मला बरं वाटलं. एक वाट अजून उघडी आहे, सेंट्रिफ्यूगल क्लचची : फेऱ्या वाढल्या की त्यातले बूट बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या ड्रमला पकडतात. क्लच ३१०० च्या वर पकडणारा असला तर वाईट पट्टा इंजिन मोकळंच ओलांडेल. थ्रॉटल खाली आलं की प्रोपेलर सुटून वाऱ्यावर फिरेल आणि गिअरवर धक्के जाणारच नाहीत. हलक्या विमानांच्या टू-स्ट्रोकना असा क्लच लावतात.

प्रश्न बसवायचा कुठं हा आहे. बाहेर, स्प्रॉकेटच्या शाफ्टवर, जागा आहे, पण तिथं फेऱ्या निम्म्याच्या आत. फेऱ्या निम्म्या झाल्या की बुटांना बाहेर दाबणारं बळ चौथाईवर येतं आणि पेलायचा पीळ दुप्पट होतो, म्हणजे ड्रम आणि बूट दोन्ही बेढब मोठे. क्रँकच्या टोकाला बळ पुरतं, पण तिथं बाइकचा ओला क्लच तेलात बसलाय आणि त्याला काढून जागा करायची तर कवचाचं झाकण नव्यानं ओतावं लागेल. तात्यांनी झाकणाचा लाकडी पॅटर्न करायला घेतलाय. ओतायला कोल्हापूरला पाठवायचा. गाळप संपलं की मी सेन्सर घेऊन जाणार आहे. क्लच खरोखर ३१०० लाच पकडतो की तापल्यावर त्याआधीच घसरत पकडू लागतो, हे आधी बघायचं.